घरून काम करायचंय? आधी कामाच्या अटी ठरवून घ्या

घरून काम करणाऱ्यांवर ताण आलाय असं कंपनीच्या लक्षात आलं की बहुतेकदा पहिला उपाय येतो तो ऑनलाइन योगाच्या सत्राचा. शुक्रवारी चार वाजता, कॅमेरा सुरू ठेवून. योगाबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्याची पाठ जेवणाच्या टेबलाने धरलीय, झोप रात्रीच्या कॉलने उडवलीय आणि इन्व्हर्टरची नवी बॅटरी स्वतःच्या खिशातून आलीय, त्याचा ताण दीर्घ श्वास घेऊन जाणारा नाही. तो कामाच्या अटींमधून आलाय. अटी बदलल्या तरच तो उतरतो.

तेव्हा या लेखात मन शांत कसं ठेवायचं हे फारसं नाही. ऑफिसातून घरी बस्तान हलवताना काय ठरवून घ्यायचं, कुणाशी बोलायचं आणि कुठे अडून बसायचं, ते आहे. उदाहरणं मुख्यतः आयटी, अकाउंट्स आणि कस्टमर सपोर्टची, कारण घरी नेता येण्यासारखं काम जास्त करून तिथेच आहे.

आधी पाहा: घरी ते जमणार आहे का?

घरून कामाचे फायदे सांगताना शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीतल्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये तिथल्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने तो केला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्या प्रयोगात घ्यायचं कुणाला, याचे निकष मात्र कुणी सांगत नाही. स्वतःहून तयारी दाखवलेली हवी, कंपनीत निदान सहा महिने झालेले हवेत, घरी ब्रॉडबँड हवं आणि कामासाठी स्वतंत्र खोली हवी. एवढं सगळं असूनही प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ऑफिसात परतणं पसंत केलं. घरी एकटं पडल्यासारखं वाटतं, ही मुख्य तक्रार होती.

आता मार्च २०२० आठवा. तेव्हा स्वतंत्र खोली आहे का, असं कुणी विचारलं होतं? टेम्पोतून डेस्कटॉप घरपोच आले आणि वन-बीएचकेमध्ये नवरा स्वयंपाकघरात, बायको बेडरूममध्ये नि मुलांची शाळा हॉलमध्ये भरली. भारतातल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या त्या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चित्र उलटं निघालं. कामाचे तास वाढले होते, पण हातून होणारं काम वाढलं नव्हतं. मीटिंगा वाढल्या होत्या, सलग एकाग्रतेने काम करायला मिळणारा वेळ घटला होता आणि घरात मुलं असलेल्यांची ओढाताण जास्त झाली होती.

म्हणून होकार देण्याआधी एक साधा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी अकरा वाजता घरात कोण कोण असतं? दार लावून घेता येईल अशी जागा कोणती? वीज किती वेळा जाते? ऑफिसला जाणं सुटलं तर दिवसभरात बोलायला कोण उरतं? शेवटचा प्रश्न एकट्या राहणाऱ्यांनी जास्त गांभीर्याने घ्यावा. पुण्यात पीजीमध्ये राहणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींना माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं वर्षभर शक्य असेल तर ऑफिसला जा. शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियरकडे पाहून जे कळतं, ते चॅटवर विचारून कळत नाही.

ठरलंय ते लिहून घ्या

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि पुढचे निम्मे खटके इथूनच उडतात. "मॅनेजर चांगला आहे, तोंडी ठरलंय" असं लोक सांगतात. मॅनेजर बदलतो.

लिहायचं ते फार नसतं. कामाची वेळ कोणती. त्या वेळेबाहेर संपर्क कधी आणि कसा. लॅपटॉप, खुर्ची, इंटरनेट, वीज यांचा खर्च कुणाचा. ऑफिसला बोलवायचं झालं तर किती दिवस आधी कळवणार. आणि बढतीचा, मूल्यमापनाचा हिशोब कशावर, कारण जो नजरेआड तो यादीतूनही जातो. सीट्रिपच्या प्रयोगातही घरून काम करणाऱ्यांना, कामगिरीच्या मानाने, बढत्या कमी मिळाल्या होत्या.

यासाठी एचआरकडून करारनामा यायची वाट पाहू नका. मॅनेजरशी बोलणं झालं की त्याच दिवशी एक मेल टाकायची. इंग्रजीत लिहा, पण मजकूर साधारण असा:

"१ जूनपासून मी घरून काम करणार आहे. कामाची वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी आपण ठरवली. रात्री ९ नंतर सिस्टिम बंद पडली तर फोन करावा. इतर निरोप चॅटवर टाकल्यास दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत उत्तर देईन. इंटरनेटचं बिल दरमहा रीइम्बर्समेंटला टाकते. मी साताऱ्यात आहे, त्यामुळे ऑफिसला यायचं असल्यास एक आठवडा आधी कळावं. यात काही राहिलं असेल तर सांगा."

शेवटचं वाक्य नम्र आहे, पण कामाचं आहे. समोरून हरकत आली नाही तर पुढे वाद झाल्यावर दाखवायला काहीतरी हातात राहतं.

कायद्याचं पाठबळ किती? तुटपुंजं. घरून कामासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रोजचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा होती, जास्तीच्या कामाला दुप्पट दराने पैसे अशी तरतूद आहे. पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना तो लागू नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तासांवर न्यायचा निर्णय घेतला. बाळंतपणाच्या रजेनंतर, काम तशा स्वरूपाचं असेल तर, परस्परसंमतीने घरून काम करता येईल अशी तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. ती फारच थोड्या जणींना माहीत असते, म्हणून मुद्दाम सांगितली. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. कायदा झालेला नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे तो येईल तेव्हा येईल. तोवर तुमची ती मेल हाच तुमचा कायदा.

जागा: पाट, उशी आणि कीबोर्ड

महागडी खुर्ची घेण्याआधी मोजपट्टी घ्या. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. सव्वापाच फुटांच्या बाईने त्यासमोरच्या नेहमीच्या खुर्चीवर बसून टाइप केलं तर कोपरं टेबलाच्या खाली राहतात, खांदे वर उचलले जातात आणि दुपारपर्यंत मान अवघडते. उपाय असा: खुर्चीवर घट्ट उशी ठेवून कोपरं टेबलाच्या पातळीला आणायची. मग पाय अधांतरी राहतात. त्यांच्याखाली पाट ठेवा. घरातला लाकडी पाट या कामाला इतका चोख बसतो की दुकानातला पाय टेकवायचा स्टँड घ्यायची गरज नाही. गुडघे साधारण काटकोनात आणि तळपाय पूर्ण टेकलेले, एवढं पाहिलं की झालं.

लॅपटॉपचा मूळ दोष म्हणजे त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. तेव्हा जुन्या दिवाळी अंकांची चळत करून लॅपटॉप तिच्यावर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येऊ द्या आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडा. हजार-दीड हजारात दोन्ही येतात आणि खर्च कंपनीकडे मागायला काहीच हरकत नाही. पडदा हातभर अंतरावर, खिडकी बाजूला. खिडकी पाठीमागे असली तर पडद्यावर चकाकी येते नि कॉलवर तुम्ही काळी सावली दिसता. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद पाहायचं, हा डोळ्यांसाठीचा जुना नियम. बाल्कनीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं पाहिलं तरी चालतं.

पलंगावर बसून काम करू नका. पाठीचं तर आहेच, पण तीच जागा झोपेची असल्यामुळे रात्री आडवं पडल्यावर डोक्यात तक्रारींची तिकिटं आणि डेडलाइन सुरू होतात. जागाच नसेल तर निदान पलंगाचा झोपायचा सोडून दुसरा कोपरा तरी घ्या. भिंतीला लावायचं घडीचं टेबल दोन फुटांत मावतं.

वीज आणि नेट

गावी गेलेल्यांचा निम्मा ताण हाच असतो, तेव्हा हिशोब करून ठेवा. पंखा ७० वॉट, लॅपटॉप ६५, ट्यूब २०, राउटर १०-१५. सगळे मिळून १७० च्या आसपास. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची नवी इन्व्हर्टर बॅटरी एवढा भार पाच-सहा तास काढते. इन्व्हर्टर नसेल तर निदान राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या; लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. नेट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर हॉटस्पॉटने चालतं का, हे कॉलच्या आदल्या दिवशी तपासा, कॉल सुरू असताना नव्हे. आणि वीज गेली की टीमला कळवायचं कसं, तेही ठरवून ठेवा. "एमएसईबी गेली" एवढ्या दोन शब्दांचा मेसेज जाणं आणि न जाणं यात फार फरक पडतो.

वेळ: खरा ताण इथे आहे

ऑफिसात असताना घरी जायची वेळ बस ठरवते. घरून काम करताना ती कुणीच ठरवत नाही, आणि मग दिवस दोन्ही बाजूंनी लांबत जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के. दिवसाला अकरा तास म्हणजे आठवड्याचे पंचावन्न झाले. आपल्याकडे असे कितीतरी जण आहेत आणि ते त्याला "थोडं जास्त काम" म्हणतात.

सगळ्यात आधी आठवडाभर रोज कामाची सुरुवात आणि शेवट कागदावर लिहा. मधल्या भाजी-फोडणीसकट लिहा. आकडा पाहिल्यावरच पुढचं बोलणं मुद्द्याचं होतं.

दिवस संपवताना दुकानदार शटर ओढतो तसं काहीतरी ठरलेलं हवं. शेवटची दहा मिनिटं उद्याच्या पहिल्या तीन कामांची यादी, चॅटवर "आजचं संपलं" असा निरोप, लॅपटॉप बंद करून बॅगेत. टेबलावर उघडा राहिलेला लॅपटॉप जेवणानंतर हमखास हाक मारतो. मग चप्पल घालून खाली एक चक्कर मारा. कमी झालेल्या प्रवासाची ती भरपाई. कामाचं चॅट फोनवर हवंच असेल तर त्याची सूचना ठरलेल्या वेळेनंतर आपोआप गप्प होईल अशी सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती एकदा लावून टाका.

अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलतात, आपली बदलत नाहीत. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला पडतो, तोच हिवाळ्यात साडेसातला. म्हणजे नोव्हेंबरात काहीही न ठरवता तुमचा दिवस तासभर लांबतो, मुलांच्या जेवणाची वेळ कॉलमध्ये जाते आणि "अलीकडे घरी सारखी चिडचिड का होतेय" हे कुणाच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर संपायच्या आतच मॅनेजरला सांगून सुरुवातीची वेळही तासाने पुढे न्या. रात्री साडेनऊनंतरचे कॉल असतीलच तर टीमने पाळीपाळीने घ्यावेत. दर वेळी भारतातल्यांनीच जागायचं, हा काही निसर्गनियम नाही.

मीटिंगा

व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची चार कारणं स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली: जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा दिवसभर पाहणं, एका जागी खिळून राहणं आणि हावभाव ओळखायला मेंदूला पडणारे जादा कष्ट. उपाय यातच आहेत. स्वतःची चौकट लपवा, पडद्यावरची कॉलची खिडकी छोटी करा, जिथे फक्त ऐकायचंय तिथे कॅमेरा बंद करून उभं राहा. कॅलेंडरमध्ये अर्ध्या तासाच्या मीटिंगा आपोआप पंचवीस मिनिटांच्या करायची सोय असते. मधली पाच मिनिटं चहा गाळायला पुरतात.

आणि जी मीटिंग फक्त "काय चाललंय" विचारायला आहे, तिच्याऐवजी सकाळी चार ओळी लिहून टाकायचा प्रस्ताव तुम्हीच मांडा. कुणीतरी मांडायची वाट सगळेच पाहत असतात.

घरची माणसं

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८, असं आढळलं. घरून काम सुरू झालं की या तफावतीला खतपाणीच मिळतं: "घरीच आहेस ना, मग कुकर लाव, सिलिंडरवाला येईल, पाहुण्यांना चहा टाक." मुलगा घरून काम करतोय तर "हळू बोला, तो कॉलवर आहे" आणि सून करतेय तर "जरा दार उघड गं" हे दृश्य काही फार दुर्मीळ नाही.

रोज थोडं थोडं चिडण्यापेक्षा एका रविवारी सगळ्यांसमोर बसून ठरवा. दार कोण उघडणार, दुपारी मुलांना कोण पाहणार, कोणत्या वेळी अजिबात हाक मारायची नाही. सासू-सासऱ्यांशी हे बोलायचं असेल तर नवऱ्याने बोलावं. आपल्या आईला "आई, बारा ते दोन तिला हाक मारू नकोस, मला सांग" हे त्याने म्हटलेलं वेगळं ऐकलं जातं. बंद दाराला लाल ओढणी अडकवली की कॉल सुरू आहे, अशी खूण लहान मुलांनाही कळते. आणि गणपतीत आरतीच्या वेळी कॉल नको असेल तर तेवढा वेळ आधीच कॅलेंडरवर अडवून ठेवा. परदेशातला क्लायंट ते निमूट मान्य करतो. आक्षेप असलाच तर आपल्याच माणसांचा असतो.

टीम लीड असाल तर

तुम्ही रात्री अकराला पाठवलेला मेसेज "उद्या पाहिलं तरी चालेल" असं लिहूनही समोरचा आत्ताच पाहतो. तो सकाळी जाईल असा वेळ लावून ठेवा. माणसांवर नजर ठेवणारी, माउस हलतोय का मोजणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचं भासवणाऱ्या डझनभराहून अधिक जणांना काढलं. मला त्यातून दिसतं ते एवढंच की जे मोजाल तेच लोक पुरवतात, मग कामाचं काही होवो. काम सोपवताना काय आणि कधी हवं ते स्पष्ट लिहा, आणि मधल्या वेळात माणसाला सोडा.

आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी पंधरा मिनिटं कामाव्यतिरिक्त बोला, शक्यतो साध्या फोनवर. "कसं चाललंय?" ला "मस्त" हेच उत्तर येतं. "काल किती वाजता बंद केलंस?" असं विचारा.

ताण हाताबाहेर जातोय हे कसं ओळखायचं

जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली आहेत: सतत गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. रोजच्या जगण्यात ती अशी दिसतात: लॅपटॉप उघडायच्या आधीच छातीत धडधडतं, साध्या मेलला उत्तर द्यायला तास लागतो, रविवारी दुपारपासून सोमवार अंगावर येतो, दोन-दोन दिवस घराबाहेर पाऊल पडत नाही. हे दोन आठवडे टिकलं तर "सुट्टी टाकली की बरं वाटेल" यावर सोडू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. कंपनीची समुपदेशन सेवा असेल तर गोपनीयतेचे नियम आधी वाचा आणि मग वापरा. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर लेख वाचत बसू नका, घरच्या कुणालातरी सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

महिन्याभराने पुन्हा बसा

पहिल्या दिवशी ठरलेलं सगळं टिकत नाही. महिन्याभराने ती मेल काढा, तासांचा कागद शेजारी ठेवा आणि मॅनेजरबरोबर अर्धा तास घ्या. जे पाळलं गेलं नाही त्यावर तेवढंच बोला. सगळ्या तक्रारी एकदम ओतल्या की एकीचंही उत्तर मिळत नाही.

पूर्ण घरून जमत नाहीये असं दिसलं तर मधला मार्ग मागा. सीट्रिपचाच पुढचा अवतार असलेल्या ट्रिप डॉट कॉममध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला नवा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत वा बढतीत काही फरक पडला नाही. मात्र ऑफिसचे दिवस टीमने एकत्र ठरवा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून दीड तास काढून पोचायचं आणि तिथेही हेडफोन लावून घरी बसलेल्या सहकाऱ्यांशी व्हिडिओ कॉलवरच बोलायचं असेल, तर तो दिवस बदलून घ्या.